नवरा गावी परत आल्याचा खटला

ऐकून माणूस दमतो, हे वकिली शिकताना मला कुणी सांगितलं नव्हतं. उभं राहून पाय दुखतात, बोलून घसा बसतो, तारखा घेऊन जीव विटतो, हे सगळं सांगितलं होतं. पण दोन माणसं समोर बसवायची, एकच भांडण दोघांच्या तोंडून दोन तऱ्हांनी ऐकायचं, मान हलवायची आणि तीही होकाराची वाटणार नाही अशी हलवायची, या कामाने संध्याकाळी घरी येऊन कुणाशी बोलावंसं वाटत नाही. ऐंशीच्या दशकातल्या माझ्या कितीतरी दुपारी रत्नागिरीच्या कोर्टात अशा गेल्या. आमच्या घरचे म्हणत, बाहेर सगळ्यांचं ऐकून घेतेस, आमचं ऐकताना मात्र तुला झोप येते. ते खरंच होतं.

गरिबांना फुकट कायद्याची मदत देणारी समिती तेव्हा जिल्ह्यात नुकतीच मूळ धरत होती. जे दावे समजुतीने मिटतील असं न्यायाधीशांना वाटे, ते या समितीकडे येत. रत्नागिरीत आम्ही बायका वकील मोजक्याच. त्यामुळे नवराबायकोची भांडणं आपोआप माझ्याकडे यायची. बार रूमच्या मागे एक खोली मिळाली होती. पूर्वी तिथं जुनी दप्तरं ठेवत. पंखा फिरण्यापेक्षा आवाज जास्त करायचा. मधलं टेबल मी पहिल्याच दिवशी भिंतीला लावलं. मध्ये टेबल असलं की माणसं त्यावर हात आपटतात.

बाहेरच्या माणसाला मध्यस्थ आणि लवाद हे एकच वाटतात. तसं नाही. लवाद म्हणजे दोन्ही पक्षांनी आपणहून नेमलेला पंच. तो दोघांचं ऐकतो आणि निवाडा देतो, आणि तो निवाडा दोघांना पाळावा लागतो. मध्यस्थाला निवाडा देण्याचा अधिकार नाही. त्याने फक्त दोघांना बोलतं ठेवायचं आणि त्यांचं त्यांना काही सुचतंय का याची वाट पाहायची. लोकांना मात्र लवादच हवा असतो. “बाई, तुम्ही सांगाल ते मान्य,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की मी सावध होते. एकदा वेळणेश्वरकडच्या दोन भावांनी मला लवाद नेमलं होतं. विहीर दोघांच्या नारळाच्या वाड्यांच्या बरोबर हद्दीवर. मी जागा पाहिली, कागद पाहिले, पाण्याच्या पाळ्या ठरवून दिल्या. निवाड्यात वरच्या कोर्टालाही काही खोट सापडली नाही. पुढे कळलं की दोघांनी आपापल्या हद्दीत नव्या विहिरी खोदल्या आणि मधली तशीच पडून राहिली. दोघंही माझ्याशी बोलत नाहीत. निवाडा बरोबर असला की भांडण मिटतं, या समजुतीतून मी त्या विहिरीपाशी बाहेर पडले.

यशोदाबाईंचं प्रकरण त्यानंतरचं. संगमेश्वरच्या आत, डोंगराच्या पोटात त्यांची वाडी. वय पंचेचाळिशीचं, अंगाने काटक, नऊवारी घट्ट नेसलेली. समितीच्या एका वकिलाने त्यांचा अर्ज लिहून दिला होता आणि न्यायाधीशांनी तो माझ्याकडे पाठवला. अर्ज न्यायिक विभक्तीचा होता. म्हणजे लग्न मोडत नाही, पण नवराबायकोने एकत्र राहण्याचं बंधन राहत नाही.

पहिल्या बैठकीला मी दोघांना वेगवेगळं ऐकते. यशोदाबाई बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, “बाई, मना घटस्फोट नको. कुंकू ऱ्हाव दे. त्यांना फक्त परत मुंबयला धाडा.”

मी म्हटलं, “यशोदाबाई, नवऱ्याला मुंबईला पाठवायचं कलम कायद्यात नाही.”

“मग काय हाय?”

“मारहाण, दारू, छळ, टाकून देणं, असं काही असेल तर सांगा.”

“मारीत नाय. पीत नाय. वायट माणूस नाय तो.” मग हात जोडल्यासारखे करून म्हणाल्या, “म्हणून तर अडलंय.”

सखाराम, त्यांचा नवरा, मुंबईत गिरणीत कामाला होता. लग्न झालं आणि वर्षाच्या आत तो गेला. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, मनीऑर्डर वेळच्या वेळी पाठवायचा. मागे सासूसासऱ्यांचं आजारपण, दोन मुलींची लग्नं, भाताची शेती, वर माळावर लावलेली काजूची कलमं, सगळं यशोदाबाईंनी ओढलं. मग गिरणी बंद पडली. आज उघडेल, उद्या उघडेल करत सखारामने दोन वर्षं काढली आणि एक दिवस ट्रंक आणि वळकटी घेऊन गावी आला. या वेळी परतीचं तिकीट नव्हतं.

“पयले आठ दिवस बरं वाटलं,” यशोदाबाई म्हणाल्या. “मग ते माज्या मागं मागं फिराय लागले. हे असं का, ते तसं का. मी सांगतंय. सांगून सांगून माजं काम ऱ्हातंय.”

एवढ्याने कुणी कोर्टात येत नाही, हे मला कळत होतं. मी गप्प राहिले. या धंद्यात गप्प राहणं हे निम्मं काम आहे. थोड्या वेळाने त्या भाताच्या लावणीवर आल्या.

त्यांच्या वाडीत बायका एकमेकींच्या शेतात लावणीला जात. आज हिच्या शेतात सगळ्या, उद्या तिच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, कामाची फेड कामाने. पुरुष बहुतेक मुंबईला, म्हणून ही रीत. त्या वर्षी लावणीच्या तोंडावर सखाराम वाडीत घरोघर जाऊन सांगून आला होता की आता मालक घरी आहे, आमची बाई दुसऱ्याच्या शेतात राबायला येणार नाही. यशोदाबाईंना हे दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कळलं. बायका काही बोलल्या नाहीत. फक्त यशोदाबाईंच्या शेतात कुणी आलं नाही. मजूर शोधायला सखाराम दोन गावं फिरला, पण त्या दिवसांत मजूर कुठला मिळायला. आवण, म्हणजे लावणीची भाताची रोपं, जागच्या जागी वाढून जून झालं. जे लागलं ते उशिरा लागलं आणि पीक निम्म्यावर आलं.

“भाताचं काय नाय,” यशोदाबाई म्हणाल्या. “एक वरीस कमी खाऊ. पण सासू गेली तवा ह्या बायकांनी माजं शेत लावलं व्हतं, मी बारा दिवस घरात बसलेली. त्यांच्या दारात आता मी कुठल्या तोंडानं जाव?”

त्या रडल्या नाहीत. पदराने मान पुसली आणि पाणी मागितलं.

सखारामला मी दुपारनंतर ऐकलं. इस्त्रीचा पायजमा, पांढरा सदरा, खिशाला पेन. बाकाच्या कडेला बसला होता, कुणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता यावं असा. त्याला मी लावणीचं विचारलं.

“चूक झाली असेल, बाई. पण मी काय वाईट बोल्लो? वीस वर्षं ती लोकांच्या चिखलात वाकली. मला तिकडे गिरणीच्या खात्यात उभं राहून आठवायचं. ठरवलेलं, घरी गेलो की हिला दुसऱ्याच्या बांधावर जाऊ द्यायची नाही. ते बोल्लो तर ती माझ्याशी बोलायची बंद झाली.”

“तुम्ही तिला आधी विचारलं होतं?”

“विचारायचं काय त्यात? चांगलंच करत होतो.” मग म्हणाला, “सुट्टीत यायचो तेव्हा पाट मांडून वाढायची. आता ताट झाकून ठेवते आणि शेतात जाते. माझ्या घरात मी पाव्हणा.”

त्या संध्याकाळी घरी जाताना मी मनात हिशेब मांडत होते की यात दोषी कोण, आणि नेहमीप्रमाणे तो लागला नाही. कोर्टात हे प्रकरण उभं राहिलं असतं तर छळ सिद्ध झाला नसता, अर्ज फेटाळला गेला असता आणि दोघं एकाच एसटीने, वेगवेगळ्या सीटवर बसून त्याच घरी गेले असते.

पुढच्या बैठका हिवाळाभर चालल्या. दोघं एकत्र बसायचे, पण एकमेकांशी अक्षर बोलायचे नाहीत. सगळं माझ्यामार्फत. “त्यांना सांगा, चूल माजी हाय.” “तिला विचारा, घर कुणाच्या बापाचं आहे.” मधे चार फूट जागा, दोघांनाही स्पष्ट ऐकू येतंय, आणि मी एकाचं वाक्य दुसऱ्याला परत सांगतेय. परत सांगताना मी त्यातला काटा काढायची. “तिला विचारा, घर कुणाच्या बापाचं आहे,” याचं मी करायची, “त्यांना वाटतं की या घरात आपली काही जागा राहिलेली नाही.” हे कौशल्य म्हणा किंवा लबाडी म्हणा, दिवसभर करत राहिलं की स्वतःला काय वाटतं तेच आठवेनासं होतं. बाहेरगावच्या पक्षकारांची शेवटची एसटी जवळ आली की तडजोडी पटापट होतात, हेही मला माहीत होतं. कितीतरी मध्यस्थ मुद्दाम तोवर ताणत. मी या दोघांना दरवेळी तासभर आधी सोडायची. घाईत दिलेला होकार घरी पोचेपर्यंत टिकत नाही, हे मी फार पाहिलं होतं.

इकडे न्यायाधीश विचारायचे, “बाई, त्या संगमेश्वरच्या जोडप्याचं काय? मिटवून टाका आता.” त्यांचंही बरोबर होतं. समितीने किती प्रकरणं निकाली काढली याचे आकडे वर जायचे होते.

शेवटी मी एक मसुदा केला. असे मसुदे मला पाठ होते. घराच्या पडवीकडची बाजू सखारामची, माजघर आणि चूल यशोदाबाईंची. भाताची जमीन तिने कसायची, धान्यातला ठरावीक भाग त्याला. एकमेकांच्या कामात ढवळाढवळ नाही. मी तो वाचून दाखवला. यशोदाबाईंनी मान हलवली. त्या थकल्या होत्या, त्यांनी कशालाही मान हलवली असती. अशा थकून दिलेल्या होकारांवर कितीतरी बायकांचे अंगठे मी घेतलेत, आणि प्रत्येक वेळी कागदावर तो होकार आनंदाने दिलेल्या होकारासारखाच दिसतो.

सखारामने मसुदा हातात मागितला. त्याला वाचता येत होतं. सावकाश, ओठ हलवत त्याने तो दोनदा वाचला आणि परत दिला.

“बाई, सगळं बरोबर आहे. पण सकाळी उठल्यावर मी दिवसभर करायचं काय, ते यात कुठं लिहिलंय?”

तो रागाने विचारत नव्हता. गिरणीत पाळी असे, भोंगा असे, उशीर झाला तर दरवाजा बंद होई. इथं त्याच्या येण्याजाण्याने कशालाच फरक पडत नव्हता. बायकोच्या मागे मागे फिरून तो हे का, ते का विचारायचा, ते त्याला हुकूम चालवायचा होता म्हणून नव्हे, हे मला त्या क्षणी कळलं. यशोदाबाईंनाही कळलं असावं, कारण इतक्या बैठकांत पहिल्यांदा त्यांनी त्याच्याकडे सरळ पाहिलं.

मी मसुदा बाजूला ठेवला. “यशोदाबाई, असं एखादं काम सांगा, जे करायचंय पण तुमच्याच्याने होत नाही.”

त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “वरचा माळ. गडगा पडलाय चहूकडनं. गुरं घुसून कलमं खातात. दगड मना उचलत नाय आता.”

गडगा म्हणजे चुना-सिमेंट न लावता दगडावर दगड रचून केलेलं कुंपण. दिसायला सोपं, पण दगड नीट बसला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात ढासळतो.

“त्यांना जमायचं नाय पण,” त्या म्हणाल्या.

“जमेल,” सखाराम म्हणाला. “तिला सांगा, जमेल.”

माळावर गुराख्याची एक खोपटी होती. ती शाकारून घ्यायची, सखारामने दिवसा तिथं राहायचं, हवं तर रात्रीही राहायचं, माळ आणि काजू त्याच्याकडे, भात यशोदाबाईंकडे. इथवर आम्ही तासाभरात पोचलो आणि मला वाटलं, झालं. तेव्हा यशोदाबाई म्हणाल्या, “आणि त्यांनी वाडीत जावं. ज्या ज्या दारात सांगितलं, त्या त्या दारात जाऊन बायकांची माफी मागावी.”

सखारामचा चेहरा उतरला. “बायकांच्या दारात जाऊन मी माफी मागू? वाडीतले पुरुष मला जगू देतील का, विचारा तिला.”

“मग मी सही करणार नाय.”

तो उठला आणि बाहेर गेला. मी खिडकीतून पाहिलं, तो कोर्टाच्या आवारातून फाटकाकडे आणि फाटकातून स्टँडच्या रस्त्याने निघून गेला. आम्ही दोघी बसून राहिलो. मी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. महिन्या-महिन्यांची मेहनत एका वाक्यावर वाया जाते, हेही या कामात नवं नसतं. मला त्या वेळी वाईटसुद्धा वाटलं नाही, नुसतं घरी जावंसं वाटलं. मी त्यांना म्हटलं, “माफीचं सोडून द्यायला सांगत नाही मी. पण नाहीच मागितली तर तुमचं काय ठरलंय?”

“काय नाय ठरलं,” त्या म्हणाल्या. “पण त्या बायका नसतील तर मी त्या वाडीत कोण हाय?”

स्टँड जवळच होतं. अर्ध्या-पाऊण तासाने सखाराम परत आला. एसटी चुकली की त्याने सोडली, मी विचारलं नाही. दारातच उभा राहिला, चपला न काढता.

“बाई, माफी मला तोंडानं मागता यायची नाही,” तो म्हणाला. “तिला सांगा, ती बायकांत लावणीला जाईल तेव्हा मीपण येईन. त्यांच्या सगळ्यांच्या शेतात. आवण काढीन, रोपांच्या मुठी बांधून वाहीन. गेल्या वर्षीची फेड म्हणून. मग त्यांना काय समजायचं ते समजू देत.”

त्यांच्या वाडीत धडधाकट पुरुषाने, तेही मुंबईहून आलेल्याने, बायकांच्या रांगेत दुसऱ्याचं आवण काढणं म्हणजे चारचौघांत केवढी मान खाली घालणं, हे मला त्या वेळी पुरतं कळलं नव्हतं. यशोदाबाईंना कळलं होतं. मी त्याचं वाक्य नेहमीसारखं परत सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात यशोदाबाईच बोलल्या. माझ्याशी नाही.

“पायजमा घालून येव नका,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “चिखलात रुततो.”

“बरं,” तो म्हणाला.

मी नवा कागद लिहिला आणि न्यायाधीशांपुढे ठेवला. ते वाचत गेले, शेवटच्या कलमाशी थांबले आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “बाई, हे हुकूमनाम्यात कसं घालू? उद्या त्याने आवण काढलं नाही तर शेतात बेलीफ पाठवू का?” त्यात चूक काही नव्हती. जे पाळायला लावता येत नाही ते कोर्ट लिहीत नाही. शेवटी कागदावर एवढंच आलं की उभय पक्षांत समेट झाल्याने अर्ज मागे घेतला. त्या महिन्याच्या आकड्यात एक प्रकरण वाढलं. त्याच महिन्यात एका मुलीने माहेरचे थकले म्हणून मारकुट्या नवऱ्याकडे परत जायचं कबूल केलं होतं. तेही एकच प्रकरण धरलं गेलं. दोन्ही एकाच रकान्यात.

मध्यस्थाला प्रकरणाचं पुढे काय झालं ते सहसा कळत नाही. वाईट झालं तर पक्षकार परत येतात, बरं झालं तर तोंड दाखवत नाहीत. यशोदाबाई मला भेटल्या त्या योगायोगाने. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मी दुसऱ्या कामासाठी संगमेश्वरला गेले होते. स्टँडवर त्यांनीच मला ओळखलं. बाजार करून परत निघाल्या होत्या. पिशवी खाली ठेवून माझ्या शेजारी बसल्या.

सखाराम आला होता आवण काढायला, त्या सांगायला लागल्या. गुडघ्यावर चड्डी घालून, सगळ्यांच्या शेतात. पहिल्या दिवशी बांधावरून चार पुरुष हसले. बायका नाही हसल्या. त्यांनी त्याला मुठी बांधायला शिकवलं, कारण त्याच्या मुठी सुटत होत्या. तिसऱ्या घरच्या शेतात त्याची कंबर धरली तेव्हा ज्या म्हातारीचं शेत होतं तिनेच तेल लावून दिलं आणि घरी जा म्हणाली. तो गेला नाही. शेवटी यशोदाबाईंच्या शेतात सगळ्या आल्या.

“आणि गडगा?”

“दोनदा पडला. आता हुबा हाय.” त्या पहिल्यांदा हसल्या. “रातचे वरच ऱ्हातात. जेवाय खाली येतात.”

“भांडण मिटलं म्हणायचं मग.”

“मिटतंय कुठलं, बाई. रोज हाय.” त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. “बी कुठलं पेरायचं, खत कवा टाकायचं. त्यांना आता सगळं कळतंय ना, म्हणून सारखे आडवे बोलतात. काल तर ताटावरून उठले.”

“मग?”

“मग काय. बांधावर जाऊन बगितलं. ह्या खेपेला त्यांचं बरोबर व्हतं.”

त्यांची गाडी लागली. वाडीतल्या दोघीतिघी आधीच चढून बसल्या होत्या आणि त्यांनी पिशवी ठेवून यशोदाबाईंसाठी जागा धरून ठेवली होती. त्या चढल्या, बसल्या आणि लगेच त्यांच्याशी बोलायला लागल्या. माझ्याकडे पाहायचं राहूनच गेलं. गाडी निघून गेली तरी मी तशीच बसून होते. रत्नागिरीला दुपारी बैठक होती, दोन जावा होत्या, पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं होतं. अंगात फारसं त्राण नव्हतं. तरी माझी गाडी आली तेव्हा मी उठले.